रक्त आलं तर या

आमच्या घरात कुठल्याही दुखण्याचं खापर कलकत्त्याच्या पाण्यावर फुटायचं. केस गळाले, पाणी. डाळ शिजली नाही, पाणी. धाकट्या भावाला जुलाब झाले, पुन्हा पाणीच. आईचे दात हलायला लागले तेव्हाही अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, पेपरातून डोकं वर न काढता सांगून टाकलं, "इथलं पाणी बाधलंय." पुण्याला बदली झाली की दात आपोआप घट्ट बसतील, असं त्यांना खरोखरच वाटत होतं. सरकारी ऑफिसात मोठ्या हुद्द्यावरचा शिकलेला माणूस, आणि अक्कल बघा!

स्वातंत्र्य मिळालं त्याच्या पुढच्या वर्षी अण्णांची बदली झाली आणि आम्ही भवानीपूरला राहायला आलो. मी नऊ वर्षांची होते. वर्षभरात मला घडाघडा बंगाली यायला लागलं, अण्णांचं ऑफिसात इंग्रजीवर भागायचं, आणि आईला मराठीखेरीज काही येत नाही हे आम्ही सगळ्यांनी धरूनच चाललो होतो. तिचं म्हणणं इतरांना आणि इतरांचं तिला, हे काम माझ्याकडे आलं. कोळंबीवाल्याला "आम्ही खात नाही" सांगायचं, धोब्याशी भांडायचं, शेजारच्या बायका आल्या की मध्ये बसायचं. मला त्याचा भारी गर्व होता.

आणखी एक काम माझ्याकडे होतं, ते अण्णांना ठाऊक नव्हतं. आई मशेरी लावायची. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटून पूड करायची आणि बोटाने हिरड्यांवर चोळायची. तिच्या माहेरी सगळ्याच बायका लावत. अण्णांना त्याचा भयंकर तिटकारा. पुण्यात एकदा डबी त्यांच्या हाती लागली, ती त्यांनी खिडकीतून रस्त्यावर भिरकावली आणि आठ दिवस तिच्याशी अवाक्षर बोलले नाहीत. तेव्हा आईने मुलांच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली होती. माझ्याच डोक्यावर, मला आठवतंय तो हात.

कलकत्त्यात तंबाखू भाजली असती तर वासाने घर दणाणलं असतं. म्हणून मामी ती तयार करूनच पाठवायची. मेतकुटाच्या डब्याच्या तळाशी, कागदाच्या पुडीत. पार्सल आलं की डबा मी उघडायचा, पुडी काढून डबीत रिकामी करायची आणि डबी तांदळाच्या पिंपात खोल खुपसायची. अण्णा ऑफिसला गेले की आई म्हणायची, "डबी आण गं." मी आणायची. मग ती मागच्या दाराशी उकिडवी बसून निवांत बोट फिरवायची. दिवसभरात तेवढीच काय ती निवांत बसायची. मला तेव्हा ते बघायला आवडायचं, हे कबूल करते.

मी अकरा वर्षांची असताना आईला मधुमेह निघाला. तेव्हा घरोघरी यंत्रं नव्हती. निळं औषध काचेच्या नळीत घ्यायचं, त्यात लघवीचे आठ थेंब टाकायचे आणि स्पिरिटच्या दिव्यावर उकळायचं. निळं राहिलं तर उत्तम, हिरवं झालं तर थोडी साखर, विटकरी झालं की कपाळाला हात. आमची नळी रोज विटकरी. भात बंद झाला, बटाटा बंद झाला, इन्शुलिनची इंजेक्शनं सुरू झाली, तरी विटकरी. शेवटी आमच्या बंगाली डॉक्टरांनी तिला तोंड उघडायला लावलं आणि नाक मागे घेतलं. म्हणाले, "हा पायोरिया आहे. हिरड्यांत पू धरलाय, तो रात्रंदिवस अंगात भिनतोय. हे पुवाचं घर साफ केल्याशिवाय साखर उतरायची नाही. आणि साखर उतरली नाही तर हिरड्या बऱ्या व्हायच्या नाहीत. दोन्ही एकदम धरायला हवं." मी शब्द न् शब्द आईला सांगितला. अण्णांना संध्याकाळी सांगितला, तर ते म्हणाले, "पाणी उकळून पीत जा."

तरी वर्षभराने एकदाचं त्यांनी आम्हाला एस्प्लनेडच्या दातांच्या डॉक्टरकडे पाठवलं. स्वतः आले नाहीत, ऑफिस होतं. आई आणि मी ट्रामने गेलो. निघण्याआधी तिने अर्धा तास मिठाने आणि कोळशाच्या पुडीने दात घासले, वर दोन लवंगा चघळल्या. जिन्यावर थांबून मला म्हणाली, "ते विचारतील. नाही म्हणून सांग. ह्यांना कळलं तर मला घरात ठेवायचे नाहीत."

डॉक्टर म्हातारे होते, हात हलका होता. बाईच्या तोंडात परक्या पुरुषाची बोटं, त्याने आई आक्रसून गेली होती. डोळे गच्च मिटून बसली. डॉक्टर एकेक दात हलवून बघत होते आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडत होत्या. दात इतके सैल, पण हिरड्या फिकट आणि घट्ट. टोचलं तरी रक्त जेमतेम. त्यांनी मला विचारलं, "तुझी आई पान-जर्दा खाते? तंबाखूची पूड लावते? नीट विचारून सांग."

मी आईला विचारायचं नाटकही केलं. तिने नकाराची मान हलवली.

"नाही," मी बंगालीत म्हणाले. "आमच्यात तसलं कोणी करत नाही." हे दुसरं वाक्य माझ्या पदरचं. आईने ते सांगितलं नव्हतं. मीच वर तुरा खोवला.

त्यांनी विश्वास ठेवला. का नाही ठेवायचा? चापूनचोपून नेसलेली बाई आणि दोन वेण्यांची शहाणी मुलगी. त्यांनी त्या दिवशी आणि पुढच्या आठवड्यात मिळून दातांवरचं किटण खरवडून काढलं. दगडासारखे तुकडे निघाले. आईच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण तिने हूं की चूं केलं नाही. मग ते म्हणाले, "रक्त फार येत नाही, म्हणजे रोग सध्या थंडावलाय. मिठाच्या कोमट पाण्याने रोज चुळा भरायच्या, मऊ ब्रश वापरायचा. सहा महिन्यांनी दाखवा. पण मध्ये कधीही हिरड्यांतून रक्त आलं तर या. त्याच दिवशी या. रक्त ही धोक्याची सूचना असते."

बस्स. त्या एका वाक्यावर आम्ही अडीच वर्षं काढली.

घरी आल्यावर हिरड्या ठणकत होत्या. चौथ्या दिवशी तिने डबी मागितली. मशेरीने ठणका बसला. आणि रक्त? रक्त कसलं येतंय डोंबल! तंबाखूने हिरडीतल्या बारीक शिरा आवळून जातात, खालून सगळं सडत असलं तरी वर रक्त दिसत नाही. हे मला पुढे कळलं. तेव्हा आई रोज सकाळी थुंकून बघायची आणि मला बोलावून दाखवायची, "बघ, आहे का लाल? मशेरीने थांबलं बघ. ते डॉक्टर नुसते घाबरवतात." सहा महिने झाले, वर्ष झालं, रक्त आलंच नाही, म्हणून आम्ही गेलोच नाही. दिव्यावर माझी नळी मात्र विटकरीच्या विटकरी. दोन दात भाकरी खाताना पडले. एक तिने पदरात बांधून ठेवला. अण्णांनी बदलीसाठी अर्ज केला, त्यात कारण लिहिलं: येथील पाणी पत्नीस मानवत नाही.

मग चपलेचा खिळा तिच्या पायाच्या बोटाला लागला. एवढीशी जखम. ती भरेना. पेनिसिलिनची इंजेक्शनं झाली, तरी चिघळून बोट काळं पडलं आणि इस्पितळात ते कापावं लागलं. तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी तिचं तोंड बघितलं आणि आमच्यावर ओरडलेच. सगळे दात काढा म्हणाले, नाहीतर आज बोट गेलं, उद्या पाय जाईल.

पुन्हा एस्प्लनेड, पुन्हा तोच जिना. आता आई माझ्या खांद्यावर भार टाकून एकेक पायरी चढत होती. मी पंधरा वर्षांची होते. जिन्यावर ती काही बोलली नाही, आणि मी मनाशी ठरवलं होतं. डॉक्टरांनी तिच्या तोंडात बघितलं, आरसा खाली ठेवला आणि म्हणाले, "असं कसं झालं? रक्त आलं तर या म्हटलं होतं ना मी?"

मी सांगून टाकलं. मशेरी, मामी, पुडी, सगळं. डॉक्टर आईकडे न बघता माझ्याकडे वळून म्हणाले, "तंबाखूने रक्त दबतं, पोरी. मला माहीत असतं तर मी असं सांगितलं असतं का? दर महिन्याला बोलावलं असतं, तंबाखू सोडायला लावली असती. निम्मे दात राहिले असते. तेव्हा का नाही बोललीस?"

तेवढ्यात आई बोलली. थेट डॉक्टरांशी, बंगालीत.

"ओ छोटो छिलो. आमिइ बारण कोरेछिलाम." ती लहान होती, मीच तिला सांगू नको म्हटलं होतं.

स्पष्ट, शुद्ध बंगाली. शेजारणींच्यात बसून बसून शिकली असेल, देव जाणे. म्हणजे त्या दिवशी डॉक्टरांचा प्रश्न तिला कळला होता. माझं उत्तर कळलं होतं, माझ्या पदरचं वाक्यसुद्धा. तिला स्वतःलाच 'नाही' म्हणता आलं असतं. पण ते तिने मला म्हणायला लावलं, कारण ती शपथ घेतलेली बाई होती आणि मी काय, पोर होते. मला वाचवलं म्हणून तिच्या पायाशी बसून रडावं, की तिचा खांदा धरून गदागदा हलवावं, हे मला कळेना. अजूनही कळत नाही. माझी पंच्याहत्तरी उलटली.

चार खेपांत तिचे सगळे दात निघाले. अडतिसाव्या वर्षी ती म्हातारीसारखी बोळकी झाली. आणि गंमत बघा, महिन्याभरात नळी हिरवी व्हायला लागली. एका सकाळी तर चक्क निळी राहिली. मी ती नळी हातात धरून धावत स्वयंपाकघरात गेले. आई मागच्या दाराशी बसली होती. बाहेरच्या खोलीत अण्णा बदलीचा दुसरा अर्ज लिहीत होते, पाण्याचाच.

मी नळी दाखवली. ती हसली, पदर तोंडावर धरून. मग हलक्या आवाजात म्हणाली, "हिरड्या फार हुळहुळतात गं. चैन पडत नाही. डबी कुठे ठेवलीस?"

तांदळाच्या पिंपातच होती. कोपरापर्यंत हात घालून मी ती काढली, वरचे तांदळाचे दाणे झटकले आणि तिच्या हातात दिली. या वेळी मी लहान नव्हते, आणि मला कोणी काही बजावलंही नव्हतं.