लाकडी विमानाची खुंटी

देऊळगाव राजाच्या बसस्टँडमागे भाऊराव मिस्तरींचं दुकान होतं. बैलगाडीची चाकं, वखर-तिफणीसारखी शेतीची अवजारं, दाराच्या चौकटी हे त्यांचं रोजचं काम. आमच्या शाळेची बाकंही त्यांनीच केली. मी त्या शाळेत मराठी शिकवायचो, बाकांच्या निमित्ताने दुकानात जाणं-येणं वाढलं. हाताला चोख आणि बोलायला कंजूष असा हा माणूस. पण गाव त्यांना चाकांमुळे ओळखत नव्हतं. गावासाठी ते 'विमानवाले मिस्तरी' होते, आणि तसं कुणी म्हटलं की त्यांची मान खाली जायची. मला तो विनय वाटायचा.

१९६७च्या हिवाळ्यात मुंबईची एक सिनेमा कंपनी दुसरबीडजवळच्या माळावर उतरली. सिनेमा हवाई दलावरचा होता. उडणारी विमानं खऱ्या तळावर आधीच टिपून झाली होती, पण बॉम्ब पडून तळ पेटतो तो प्रसंग खऱ्या तळावर कोण करू देणार? म्हणून हा सपाट, मुरमाड माळ. चुना मारून धावपट्टी आखली गेली, तंबू लागले, आणि विमानं करायला सुतार हवा म्हणून भाऊरावांना बोलावणं आलं. त्यांच्या हातात एक फोटो दिला आणि अशी चार हवीत म्हणून सांगितलं.

भाऊरावांनी जन्मात विमान जवळून पाहिलं नव्हतं. सागाचा सांगाडा, बांबूच्या कामट्या, वर ताणून शिवलेलं गोणपाट आणि त्यावर चंदेरी रंग अशी चार विमानं त्यांनी महिन्याभरात उभी केली. एक म्हैस अंग घासून एकाचं शेपूट पाडून गेली, ते पुन्हा बसवावं लागलं. रस्त्यावरून मात्र विमानं अशी खरी दिसायची की जालन्याची एसटी तिथं आली की ड्रायव्हर गाडी हळू करायचा.

आसपासच्या गावांतल्या पुष्कळ लोकांना कंपनीने कामं दिली. दुसरबीडचा कडूबा त्यातलाच. चार एकर कोरडवाहू शेती, आखाड्यात नाव असलेला पैलवान. त्याला मेकॅनिकचा निळा डगला घालायला दिला. त्याचं काम एवढंच की जखमी वैमानिकाला विमानाखालून खेचून काढायचं, खांद्यावर टाकायचं आणि पळायचं. तो पुढे गेला की इशाऱ्याचा झेंडा खाली पडणार, आणि त्याच्यामागे विमानाचा पंख कोसळणार.

पंख पाडायची युक्ती भाऊरावांची. पंखाचा सगळा भार बाभळीच्या एका खुंटीवर, खुंटीला दोर, आणि दोराचं दुसरं टोक वाळूच्या पोत्यांआड बसलेल्या भाऊरावांच्या हातात. सकाळच्या तालमीत दोन्ही वेळा खुंटी अडकून बसली. दिग्दर्शक सगळ्यांसमोर ओरडला. जेवणाच्या सुट्टीत बाकीचे पंगतीला बसले तेव्हा भाऊरावांनी खुंटी काढली, पटाशीने तासून बारीक केली आणि परत बसवली. पुन्हा तालीम घ्या, असं त्यांनी म्हणायला हवं होतं. सकाळचं बोलणं जिव्हारी लागलं होतं, ते काही बोलले नाहीत.

दुपारी प्रसंग सुरू झाला. दारूचे स्फोट झाले, धूर उठला, कडूबाने खांद्यावर माणूस घेतला आणि तो निघाला. तिसऱ्या स्फोटाने जमीन हादरली. भाऊरावांच्या हातातला दोर सैल होता, झेंडा अजून वरच होता, आणि खुंटी आपोआप सरकली. लाकूड करकरलं. कडूबाने पळता पळता मागे वळून पाहिलं, आणि पंख खाली आला. खांद्यावरचा माणूस पुढे फेकला गेला म्हणून वाचला. कडूबाचा डावा पाय सांगाड्याखाली सापडला.

त्याला जीपमध्ये घालून जालन्याला नेलं. माळावर राहिलेल्यांची चौकशी तिथंच, उभ्या उभ्या झाली.

"रस्सी कब खींची?" कंपनीच्या माणसाने विचारलं.

"झेंडा पडल्यावरच," भाऊराव म्हणाले.

धुरात झेंडा कुणाला धड दिसला नव्हता. दोर वेळेवर ओढला गेला, मग माणूस तिथं राहिला कसा? कुणीतरी म्हणालं, तो थांबला, वळून कॅमेऱ्याकडे पाहत होता. सगळ्यांना ते पटलं. भाऊरावांनी ढिगाऱ्यातून खुंटी शोधून काढली आणि स्वयंपाक्याच्या चुलीत सारली.

कडूबाचा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. तो घरी आला तेव्हा त्याच्याआधी गोष्ट गावात पोचली होती. 'फोटोपायी पाय गेला' असं लोक म्हणायचे, हसायचेही. त्याची बायको आशाबाई वखरामागे चालायला लागली. दिवसभर राबून आल्यावर तिच्या तोंडून एखादा शब्द जायचाच: "तुमाले सिनेमात दिसाची हौस होती ना!"

भाऊरावांनी त्याला शिसवी कुबडी करून दिली. दरसाल जाऊन त्याचं वखर, तिफण दुरुस्त करून द्यायचे. मोल म्हणून काही घ्यायचे नाहीत. आशाबाई त्यांच्यासमोर ज्वारीच्या हुरड्याचं ताट ठेवायची आणि म्हणायची, "मिस्तरी, तुमच्यासारका माणूस नाई." भाऊराव मला पुढे म्हणाले, "गुरुजी, तो हुरडा घशाखाली उतरत नव्हता. आन नाई म्हणताबी येत नव्हतं."

दोन वर्षांनी सिनेमा देऊळगावच्या थेटरात लागला आणि तुफान चालला. पंख कोसळतो तो प्रसंग कापला नव्हता, उलट तोच सगळ्यात गाजला. लोक त्या जागी टाळ्या वाजवायचे. कडूबाने हट्टाने भाऊरावांना शेजारी बसवून घेतलं होतं. पडद्यावरचा मेकॅनिक वळला, पंख पडला, टाळ्या झाल्या. कडूबा हळूच म्हणाला, "पाह्यलं का मिस्तरी? वळलोच मी. लोक खोटं नाई बोलत."

यापुढच्या गोष्टीत माझाही वाटा आहे. १९७३च्या पंधरा ऑगस्टला शाळेत त्या दोघांचा सत्कार करायचं मीच ठरवलं. आपल्या भागातली माणसं एवढ्या मोठ्या सिनेमात होती, मुलांना कळू दे, एवढाच विचार. कडूबा कुबडीवर उभा राहिला आणि म्हणाला, "पोरंहो, काम करताना इकडंतिकडं पाहू नका. मी पाह्यलं. आता माह्याकडं पाहा." मुलं हसली. खरं सांगायचं तर मीही हसलो. मग मी भाऊरावांचं नाव पुकारलं. ते उठले, हात जोडले आणि लगेच खाली बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने ते दुसरबीडला गेले. कडूबा ओसरीवर सुतळी वळत बसला होता. भाऊराव टेकले नाहीत, उभ्यानेच बोलले.

"कडूबा, झेंडा पडला नव्हता. म्या दोर ओढलाच नाई. खुंटी म्या बारीक केली होती, ती आपल्याआप निसटली."

कडूबाने सुतळी खाली ठेवली. मग विचारलं, "म्हंजे ते करकरलं, ते खरंच करकरलं होतं?"

"हाव."

"मी दवाखान्यात सांगत होतो बे! आवाज आला म्हणून वळलो, असं डॉक्टरले सांगतलं, हिले सांगतलं. कोनी आयकलं नाई. मग मलेच वाटाले लागलं का मी कॅमेराच पाह्यला असन." त्याचा आवाज चढला. "सहा वर्षं, मिस्तरी! काऊन नाई बोलला तू?"

"भेलो."

"हे तिले सांग. मले नको सांगू, तिले सांग."

आशाबाई गोठ्यातून आली. भाऊरावांनी तेच पुन्हा सांगितलं. ती दाराच्या चौकटीला धरून खाली बसली. "सहा वर्षं मी याह्यले टोचून बोलली," ती म्हणाली. "तुमी समोर बसून आयकत होते." तिने उठून कुबडी उचलली आणि भाऊरावांच्या पायाशी ठेवली. "हे घेऊन जा."

कुबडी घेऊन भाऊराव थेट माझ्या घरी आले आणि तेव्हाच त्यांनी मला सगळं सांगितलं. सव्वीस जानेवारीला मला पुन्हा बोलायला बोलवा, म्हणाले. मी बोलावलं. झेंडावंदन झाल्यावर सगळ्या गावासमोर त्यांनी खुंटीची हकीगत सांगितली, चुलीपर्यंतची. कुणी हसलं नाही. काहींना राग आला, काहींना आता उकरून काय फायदा असं वाटलं. कडूबाला मी स्वतः जाऊन आमंत्रण दिलं होतं, तो आला नाही. पण बातमी त्याच दिवशी दुसरबीडला पोचली. 'फोटोपायी' ही चेष्टा त्यानंतर मी कुणाच्या तोंडून ऐकली नाही. कडूबाने जालन्याहून दुसरी कुबडी आणली.

"सांगतल्यावर हलकं वाटंल असं वाटलं होतं," एकदा रंधा मारता मारता भाऊराव म्हणाले. "तसं नाई झालं गुरुजी. पाय काई परत आला नाई. आन आता तर मले त्याच्या दारातबी जाता येत नाई." मी त्यांची समजूत काढायला गेलो, तर त्यांनी मानेनेच नको म्हटलं.

दोनेक वर्षांनी बाजाराच्या दिवशी आशाबाई त्यांच्या दुकानासमोर येऊन उभी राहिली. आत आली नाही, बसली नाही. घराच्या मागच्या दाराचं लाकूड वाळवीने खाल्लं होतं. सुतळीला गाठी मारून आणलेलं माप तिने फळीवर ठेवलं, नवं दार केव्हा होईल ते विचारलं आणि बसस्टँडकडे चालती झाली. भाऊरावांनी हातातलं काम बाजूला ठेवलं, सुतळी उलगडली आणि सागाची फळी निवडायला मागच्या खोलीत गेले.