दोरेवाले बेडूक

चिखलातून चालणाऱ्याची चप्पल जड होत जाते ना, तसे आमच्याकडे किस्से साठत गेले. झटकले तरी निघत नाहीत! नव्वदच्या दशकात बारामती-इंदापूर पट्ट्यात मी आणि माझा जोडीदार खरात पावसाळाभर बेडूक मोजायचो. हुद्दा फील्ड टेक्निशियन, नोकरी हंगामी. आकडे नीट आले तर पुढच्या वर्षी बोलावणं, नाहीतर घरी. आमचे आकडे तिथल्या माणसांनी सांभाळले, हे आज मोकळ्या मनाने कबूल करतो.

*

इंदापूरच्या स्टँडवर चहावाल्याने पहिल्याच दिवशी विचारलं, "पावणं, काम काय करता?"

"बेडूक मोजतो."

त्याने किटली खाली ठेवली. "मंजी माणसं मोजून झाली व्हय समदी?"

आमचे चिखलाचे बूट मात्र सगळा हंगाम त्याच्याच बाकाखाली असायचे.

*

बारामती एमआयडीसीत शिफ्ट सुटायच्या वेळी आम्ही रस्त्याकडेच्या डबक्यात वाकलो होतो. एक मोटारसायकल थांबली, मग दुसरी, बघता बघता आठ-दहा. एकही प्रश्न न विचारता सगळ्यांनी हेडलाइट डबक्यावर मारले. एवढ्या उजेडात आम्ही कधी कामच केलं नव्हतं!

मोजून झाल्यावर खरातने आभार मानले. "आज बेडूक मस्त दिसले."

गुडघाभर चिखलात उतरलेला एक जण सावकाश वर आला. "बेडूक? आन् मी मगापासनं तुमची चावी हुडकतोय!"

*

पणदऱ्यात एका मावशींना फॉर्म पुढे ठेवून विचारलं, "तुमच्याकडे बेडूक किती?"

धार काढता काढता त्या म्हणाल्या, "न्हाणीतली धरून का सोडून?"

मग त्यांनी आम्हाला धारोष्ण दूध दिलं आणि रांजणामागची एक जाडजूड बेडकी लांबूनच दाखवली. "हिला हात लावायचा न्हाय. ही घरातली हाय."

*

कोऱ्हाळे बुद्रुकला बेडकांचे आवाज ऐकून नोंदवायचे होते आणि शेजारी पाण्याची मोटार घरघरत होती. पाण्याची पाळी म्हणजे उसाचा जीव, तरी धीर करून मोटारीच्या मालकांना, तात्यांना, विनंती केली. त्यांनी मोटार बंद केली! आम्ही कान टवकारून लिहीत बसलो, तात्या बांधावर उकिडवे.

दहा मिनिटांनी ते हळूच म्हणाले, "त्यास्नी म्हणावं, काय बोलायचं ती लवकर बोला. माजी पाळी चाललीय!"

*

आणि आबा. इंदापूरकडच्या एका तळ्याकाठी त्यांचं आणि आजीचं घर. पूर्वी मेंढरं होती, आता ऊस आणि दोन म्हशी.

तिथे आम्ही चाळीस बेडकांच्या कमरेला लाल दोरा बांधून त्यांना सोडलं. आठ दिवसांनी सापडतील ते बेडूक पकडायचे. त्यात दोरेवाले किती, बिनदोऱ्याचे किती, यावरून तळ्यातली एकूण संख्या काढायची. तोवर कुणी हात लावायचा नाही. नेमकं हेच आबांना सांगायचं राहिलं.

आठव्या दिवशी पुण्याहून आमच्या प्रकल्पाचे सर आले. आमचं पुढचं वर्ष याच आकड्यावर ठरायचं होतं. आम्ही तासभर तळं पालथं घातलं, पण दोरेवाला एकही दिसेना. सरांच्या कपाळावर आठ्या.

तेवढ्यात आबा ओल्या पोत्याने झाकलेलं घमेलं घेऊन आले. मागे आजी, तिच्याही हातात घमेलं.

"चाळीस हायती, मोजून घ्या. तुमी बांधताना म्या मोजली व्हती. रोज धरून हौदात ठिवली. खुणंचं जितराब चुकलं तर धन्याला पोचतं करायचं, ही आमची रीत हाय."

सरांनी पोतं उचलून पाहिलं, मग आबांचे चिखलाने माखलेले पाय पाहिले आणि हात जोडले. मला आजही ते आठवलं की भरून येतं.

"आबा, पुढच्या वर्षी हे दोघे पुन्हा येतील," सर म्हणाले. "लक्ष असू द्या."

"ऱ्हाईल की!" आबा म्हणाले. "पर सायेब, बिनदोऱ्याची बी लई घावली. दुसऱ्याची आसतील म्हणून तितंच सोडली. त्यांचा धनी कोण, तेवढं हुडका!"