बोटीतली मधली जागा

मी इंग्लंडला निघाले तेव्हा तेवीस वर्षांची होते. परळच्या एका इस्पितळात नर्स होते आणि सुईणपणाच्या पुढच्या शिक्षणासाठी मला तिकडे जागा मिळाली होती. बोटीनं जायला जवळजवळ तीन आठवडे लागत. आमच्या गिरगावातल्या चाळीतली माणसं बोटीत बसत ती रेवसला नाहीतर रत्नागिरीला जाण्यापुरती. त्यामुळे केबिन निवडावी लागते हेच आम्हाला ठाऊक नव्हतं. कंपनीकडून बोटीचा नकाशा आला आणि जागा कोणती हवी ते कचेरीत येऊन सांगा, असं पत्र आलं.

वडिलांनी नकाशा जमिनीवर पसरला, चष्मा लावला आणि पेन्सिलीनं एक चौकोन दाखवला. वरचा मजला, पुढचं टोक, गोल खिडकी.

"ही घे. वारा येईल. बंद खोलीत तुझा जीव घुसमटतो."

माझ्या वॉर्डात त्या वेळी घोडपदेवचे एक सारंग होते, पाय मोडून आलेले. तीस वर्षं परदेशी बोटींवर खलाशांचे मुकादम होते. पट्टी बदलताना मी त्यांना सहज विचारलं. त्यांनी आधी विचारलं, "कधी निघतलंस, बाय?"

"आषाढात."

"मगे वर जावं नको. खाली घे आणि मधी घे. तागडी बघलंस मां? पारडी वर-खाली होतत, मधी कायेक हलणा नाय."

"पण काका, तिथे खिडकी नाही."

"त्या दिवसांत खिडकी उघडूक देणत नाय. काचेर पाणी आपटता, ता बघून आणखी ओकारी येतली."

हे घरी सांगितल्यावर वडील म्हणाले, "ते खलाशी. त्यांना कुठे खिडकी मिळाली असेल?" विषय तिथेच राहिला.

ते संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस होते. आम्ही कचेरीत जायला निघालो त्याच दिवशी हरताळ होता. ट्राम बंद, दुकानं बंद. कचेरी परदेशी कंपनीची, ती उघडी असेल असं वडिलांना वाटलं, म्हणून चालत निघालो. धोबी तलावापुढे मोर्चा लागला आणि आम्ही त्यातच सापडलो. वडील कारकून माणूस, जन्मात कधी घोषणा दिलेली नाही. त्यांनी टोपी सारखी केली, एकदा हळूच "झालाच पाहिजे" म्हणाले आणि मी ऐकलं का ते बघितलं. थोड्याच वेळात पुढे अश्रुधूर सुटला. माझ्या पदराचं टोक डोळ्यांना लावून वडील भिंतीशी उभे राहिले. तसेच परत आलो.

तीन दिवसांनी पुन्हा गेलो तेव्हा बायकांच्या केबिनींत दोनच बर्थ उरले होते. एक वर, पुढे, खिडकीचा. दुसरा खाली, बरोबर मध्यावर, बिनखिडकीचा. भाडं सारखंच. कारकुनानं माझ्याकडे बघून विचारलं, "कोणता लिहू?"

वडील म्हणाले, "वरचा."

मी म्हणाले, "खालचा लिहा."

वडिलांच्या शब्दाबाहेर मी तोवर कधी गेले नव्हते. त्यांनी भाड्याचे पैसे मोजून दिले. बाहेर पडल्यावर इतकंच म्हणाले, "राहणार तू आहेस."

बोट सुटली आणि दुसऱ्याच दिवशी समुद्र खवळला. जेवणघरातली निम्म्याहून जास्त टेबलं रिकामी पडली. माझ्या केबिनमध्ये मात्र पेल्यातलं पाणी नुसतं डुचमळायचं. मी व्यवस्थित जेवत होते.

तिसऱ्या दिवशी वरच्या जिन्यात एक पंजाबी मुलगी बसलेली दिसली. वय विसाच्या आसपास, पाचवा महिना. नवऱ्याकडे निघाली होती. आदल्या दिवसापासून पोटात पाणी ठरत नव्हतं; जीभ कोरडी, नाडी जलद. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या, त्याही उलटून पडत होत्या. मी तिला धरून तिच्या केबिनमध्ये नेलं. ती वरच्या मजल्यावर अगदी पुढे होती. खिडकीवर लोखंडी झाकण घट्ट आवळलेलं, आणि जमीन पायाखालून निघून जायची, मग धाडकन वर यायची.

मी बोटीच्या अधिकाऱ्याला जाऊन सांगितलं, "आम्ही दोघी जागा बदलतो." त्यानं वहीत तशी नोंद केली. तिला माझ्या बर्थवर आडवं केलं आणि दर दहा मिनिटांनी चमचा चमचा साखर-मिठाचं पाणी पाजत राहिले. संध्याकाळपर्यंत ते पोटात टिकलं. मग मी माझी ट्रंक वर नेली.

पुढचे चार दिवस मी आडवीच होते. बादली उशाशी. शेजारच्या बर्थवरची गोव्याची म्हातारी मला लिंबू हुंगायला द्यायची आणि तिच्या देवाचं नाव घ्यायची. सारंगांचं ऐकून मिळवलेली जागा मी एका दुपारीत देऊन टाकली, याचा मला त्या चार दिवसांत पश्चात्ताप झाला. एकदा नाही, बऱ्याचदा झाला.

एडनला पाणी शांत झालं. ती मुलगी स्वतःच्या पायांनी वर आली. चेहऱ्यावर रंग आला होता. म्हणाली, "दीदी, आता तुमची जागा घ्या." मी तिचा हात घेऊन नाडी बघितली, ठीक होती. तिला म्हटलं, "राहू दे. आता इथं खिडकी उघडतात." मग आम्ही दोघी डेकवर जाऊन बसलो. तिनं विचारलं की बाळाचं पोटात हलणं नक्की कधीपासून कळतं, आणि मी पुस्तकात वाचलं होतं तेवढं तिला सांगितलं.