द्राक्षाला कागद, तोंडाला टोनर

टोनर लावावा की नाही, असं मला कुणी विचारलं तर मी छातीठोकपणे सांगते, आवडत असेल तर लाव बाई, पण त्याच्या भरवशावर बसू नकोस. कुठं वाचून सांगत नाही. स्वतःच्या तोंडावर करून पाहिलंय.

मी नाशिक शहरात वाढले आणि लग्न होऊन दिंडोरीकडे द्राक्षबागायतदाराच्या घरात आले. मुलगी झाली आणि माझ्या दोन्ही गालांवर वांग आले, चांगले तपकिरी डाग. वाटलं, जातील. जातात कसले! बागेचा हंगाम आला की उलट गडद व्हायचे. हळदीकुंकवाला गेले की बायका कुंकू लावता लावता गालाकडेच बघायच्या. एकीनं तर विचारलंच, "पोटातून काही दुखणं आहे का गं?" त्या दिवसापासून मी हळदीकुंकवाला जाणंच सोडलं. फोटोतही मागे उभी राहायला लागले. कॉलेजात प्रत्येक फोटोत पुढे घुसणारी मी! राग यायचा, रडूही यायचं. मला माझा चेहरा परत हवा होता, बाकी काही नको.

म्हणून टोनर मागवला. जाहिरातीतल्या पोरीचे गाल असे, की माशी बसली तर घसरून पडावी. सकाळ-संध्याकाळ मी साबणानं तोंड खसाखसा धुवायची आणि कापसानं टोनर फिरवायची. गार वाटायचं. वाटायचं, आता उजळणार.

सासूबाई ओट्याजवळ बसून बघत असायच्या. "लय भारी पानी हाय तुझं."

"आई, पाणी नाही, टोनर आहे."

"पानीच हाय. बाटलीत घातलं म्हनून दूध व्हतंय का?"

ह्यांची तऱ्हा वेगळीच. हे वाद घालत नाहीत, सरळ तपासायला बसतात. फवारणीआधी टाकीतलं पाणी तपासायच्या कागदी पट्ट्या आमच्याकडे कायम असतात, कारण पाण्यात खार जास्त असला की औषध लागू पडत नाही. ह्यांनी तीन वाट्या मांडल्या. एकीत विहिरीचं पाणी, एकीत माझ्या साबणाचा फेस, एकीत टोनर. पाण्यात पट्टी हिरवी झाली, टोनरमध्ये पिवळी, म्हणजे आंबट, आणि साबणात निळीशार, म्हणजे खारट.

"बघ," हे म्हणाले, "कातडी मुळात जराशी आंबट. साबणानं ती खारवतेस आणि टोनरनं जागेवर आणतेस. मुळात खारवूच नको ना! सौम्य काहीतरी वापर, मग टोनरचं कामच काय?"

"माझं तोंड म्हणजे तुमची फवाऱ्याची टाकी आहे का?" मी फणकारले. पण पट्टीचा रंग डोळ्यांसमोर होता, करता काय? साबण बंद केला. चार-आठ दिवसांत गालांची आग थांबली, कातडी ओढल्यासारखी व्हायची तेही थांबलं. टोनरची बाटली तशीच पडून राहिली आणि काही अडलं नाही. ह्यांचं बरोबर होतं, मान्य. पण वांग? ते तसूभर हलले नाहीत.

मग थंडीत घडांना कागद लावायचं काम निघालं. रात्रीची थंडी आणि दिवसाचं ऊन मण्यांना लागलं की पांढरी द्राक्षं गुलाबी पडतात आणि व्यापारी नाकं मुरडतात. म्हणून एकेक घड वर्तमानपत्रात गुंडाळायचा. मी, सासूबाई आणि कामावरच्या बायका सकाळपासून माना वर करून तेच करत होतो. ऊन तिरपं ओळीत घुसत होतं. तेवढ्यात हे मागून आले.

"अगं, तो घड उघडा राहिला. नीट झाक, रंग बिघडेल."

माझा हात तिथंच थांबला.

"अहो, घडाला ऊन लागलं तर रंग बिघडतो, हे कळतं तुम्हाला! मी सकाळपासून त्याच उन्हात तोंड वर करून उभी आहे. माझी कातडी काय पत्र्याची आहे?"

  दुसऱ्या दिवशी हे बाग टाकून मला नाशिकला कातडीच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टरीणबाईंनी रात्री लावायचं मलम दिलं, पण सगळा भर उन्हावर. सनस्क्रीन लावा, टोपी घाला, भर दुपारी सावलीत बसा. "आणि टोनर?" मी विचारलं. "लावला तरी चालेल, नाही लावला तरी चालेल." ऐका!

वांग हळूहळू फिके झाले. पुरते गेले नाहीत, पण पुढच्या वर्षीच्या संक्रांतीला मी ताठ मानेनं हळदीकुंकवाला गेले.

एकदा सकाळी बागेत निघताना मी ओट्यावर बसून सनस्क्रीन लावत होते. सासूबाई समोर येऊन उभ्या राहिल्या. म्हटलं, आता टोमणा येणार. त्यांनी डोक्यावरचा पदर मागे सारला आणि माझ्या शेजारी बसल्या. तेव्हा मी त्यांचा चेहरा पहिल्यांदा नीट बघितला. गालांवर, कपाळावर, नाकावर वांगच वांग. इतके जुने, की मी त्यांचा रंगच तसा समजत होते.

"माझं बी जाईल का गं?"

खोटं बोलवेना. "सगळं नाही जाणार, आई. पण वाढणार नाही."

"नाय तर नाय." त्यांनी डोळे मिटून तोंड माझ्यापुढे केलं. "लगनातल्या हळदीनंतर माझ्या तोंडाला कुनी काय लावलंच नाय. लाव तू."

मी ट्यूब पिळली आणि त्यांच्या कपाळापासून सुरुवात केली.