हळद धुणाऱ्या उषाबाई

घनसावंगीकडच्या एका खेड्यातल्या दवाखान्यात उषाबाई सत्तावीस वर्षं जखमा धुतायत. त्यातली निम्मी वर्षं तरी लोकांनी कोंबलेली हळद काढण्यात गेली. हळद भाजीत घाला, नवरीला लावा, जखमेत भरू नका, असं त्या येईल त्याला सुनावतात. तोंडाने फटकळ, पण हात हलका.

आणि पेपरात काय छापून यावं? ‘आईच्या हळदीतून लेकीचं संशोधन’! लेक प्रियदर्शनी जालन्याला औषधशास्त्र शिकते. हळदीतलं औषध वेगळं काढायचं, डोळ्यांना दिसणारही नाहीत अशा बारीक कणांत भरायचं आणि चिघळलेल्या जखमेतल्या जंतूंपर्यंत पोचवायचं, हे तिचं काम. तेही अजून उंदरांवर. पेपरवाल्याने कण गाळले, उंदीर गाळले, हळद तेवढी ठेवली. वर उषाबाईंचा फोटो. त्या भडकल्या, तर लेक म्हणाली, “जाऊ दे ना आई, नाव तर आलं.”

आठवड्याने ऊसतोडीवरचा कचरू लंगडत आला. पायाला कोयता लागलेला. पट्टी सोडली तर आत हळदीचा थर, खाली पू, करंगळी काळी पडलेली.

“कुणी सांगितलं हे?” उषाबाई ओरडल्या.

“तुम्हीच की बाई. पेपरात फोटो व्हता तुमचा. म्हणून तर जल्दी आलो न्हाई.”

तळपायाची आग मस्तकात गेली, पण बोलणार कुणाला? डॉक्टर म्हणाले, करंगळी काढावी लागेल. पाय वाचतो का, ते जखम किती साफ होते त्यावर. उषाबाईंनी बाहेर येऊन फोन लावला.

“उद्या सकाळी इथं ये.”

“आई, मी तसं म्हणले न्हवते गं, त्यांनीच—”

“मंग खोटं हाये म्हणून कळवलंस का? न्हाई ना? ये.”

दुसऱ्या दिवशी ती पहिल्या जीपने आली. कचरूची करंगळी गेली होती. लेक खाली मान घालून त्याला म्हणाली, “काका, ते औषध येगळं हाये. नुसती हळद लावायची नसती. माझं चुकलं, मी तवाच सांगाया पायजे होतं.”

कचरू चिडला नाही. त्याने आशेने विचारलं, “मंग ते तुमचं औषध आणलंय का, ताई?”

“न्हाई. ते अजून माणसाला देता येत न्हाई.”

उषाबाईंनी हातमोजे आणि सलाईनची बाटली लेकीपुढे ठेवली.

“मंग धू,” त्या म्हणाल्या.