भात्याचा वर्ग आणि माझे तिसरे पत्र

आमच्या इमारतीच्या तळमजल्यावरील दालनात केटलबेलचा वर्ग चालवणाऱ्या गृहस्थांविरुद्ध मी समितीकडे तीन पत्रे पाठवली. तिन्ही निनावी होती. पहिल्या दोन पत्रांची मला आजही लाज वाटत नाही. तिसऱ्याची वाटते, ती नेमकी कशाची, हे एकदा नीट लिहून काढावे म्हणून हा मजकूर.

त्या गृहस्थांना सगळे 'भाता' म्हणत. नाव त्यांना ओतकारखान्यात मिळाले होते. तिथे त्यांनी सव्वीस वर्षे वाळूचे साचे बांधले. मग एके दिवशी डॉक्टरांनी त्यांच्या फुप्फुसांचे चित्र उजेडापुढे धरले आणि सांगितले, "तुम्ही आत्ता वाळू सोडा, म्हणजे कदाचित ती तुम्हाला सोडेल." फुप्फुसांत बारीक धूळ बसली होती. दोन जिने चढले की हा मनुष्य कठड्याला धरून उभा राही आणि छाती भात्यासारखी वरखाली होई. सोबत्यांनी नाव ठेवले, आणि त्यांनीही ते निमूटपणे घेतले.

रुग्णालयातल्या एका परिचारिकेने त्यांना पालथे झोपून श्वास घ्यायला शिकवले. कपाळ हातांवर टेकायचे आणि छाती न उचलता कंबर दोन्ही बाजूंनी रुंद होऊ द्यायची. कारखाना सोडताना त्यांनी दोन केटलबेल मागून आणल्या. केटलबेल म्हणजे वर जाड मूठ असलेला ओतीव लोखंडाचा गोळा. त्या दोन्हींत ओतताना बुडबुडा राहून बारीक भोके पडली होती आणि म्हणून त्या नापास झाल्या होत्या. त्या नापास गोळ्यांवर त्यांनी चार वर्षांत आपला श्वास परत मिळवला. नंतर शेजारीपाजारी शिकू लागले आणि आमच्या तळमजल्यावर वर्ग सुरू झाला.

हे सारे मला माझ्या थोरल्या बहिणीकडून कळले. यजमान गेल्यापासून ती माझ्याकडे राहते. एकसष्टाव्या वर्षी, मला न विचारता, तिने वर्गात नाव घातले.

"दोन आठवडे झाले, अजून गोळ्याला हात लावू दिलेला नाही," ती जेवताना म्हणाली.

"मग करता काय तिथे?"

"पालथं पडतो."

"त्यासाठी घरात जागा नव्हती?"

"घरात पालथी पडले असते तर तू रुग्णवाहिका बोलावली असतीस. आणि ती उशिरा आली म्हणून अर्ज केला असतास."

मी सरकारी मुद्रणालयात मुद्रितशोधक आहे. दिवसभर इतरांच्या चुकांवर लाल खुणा करून घरी आलेल्या माणसाला निदान शांततेची अपेक्षा ठेवण्याचा अधिकार असावा. उद्वाहन बंद असते, जिन्यात सायकली लावलेल्या असतात, वरच्या मजल्यावरचे कुटुंब भिंतींना भोके पाडण्याचा छंद जोपासते, आणि यातील कशाचीही कोणाला खंत नसते. मी लिहितो. पाठीमागे मला 'अर्जसम्राट' म्हणतात, हेही मला ठाऊक आहे. दालन माझ्या खोल्यांच्या बरोबर खाली. पहाटे सहाला आणि संध्याकाळी पाचला तिथे वर्ग भरे.

पहिले पत्र गोळे जमिनीवर आदळण्याविषयी होते. आठ दिवसांत भात्यांनी जाड रबरी चटया अंथरल्या. दुसरे पत्र संगीताविषयी होते. त्यांनी ध्वनिक्षेपक उचलून घरी नेला. मग राहिला फक्त श्वास. बावीस माणसे एकाच क्षणी दातांतून हवा सोडत: 'त्स्स!' पुन्हा तीन मोजेपर्यंत शांतता, पुन्हा 'त्स्स!' पहाटे सहा वाजता पलंगाखाली बावीस प्रेशर कुकर लावून ठेवल्यासारखे वाटे.

"हे फुसकारणं आवश्यकच आहे का?" मी बहिणीला विचारले.

तिने ताट बाजूला सारले, पाण्याचा भरलेला जग दोन्ही हातांत धरला आणि पाय फाकवून उभी राहिली. "बघ. गोळा पायांमधून मागे जातो तेव्हा नाकानं श्वास आत. कंबर झटकून पुढे आलास की पोट असं घट्ट, कुणी गुद्दा मारणार असल्यासारखं, आणि त्स्स!" अर्धा पेला पाणी माझ्या ताटात आले. "कळलं?"

"भिजलो. कळलं नाही."

"श्वास कोंडून वजन उचललं तर डोक्यात दाब चढतो, शहाण्या. माझ्या वयात तर घेरीच. म्हणून आवाज हवा. भातेभाऊ पाठ करून उभे राहतात आणि ऐकतात. बावीस जणांत कुणाचा आवाज आला नाही ते त्यांना लगेच कळतं. परवा न वळता म्हणाले, 'खिडकीजवळचे शिंपीकाका, श्वास घरी ठेवून आलात काय?' आणि खरंच शिंपीकाकांनीच कोंडला होता!"

हा संवाद झाला त्या तारखेनंतर अकरा दिवसांनी मी तिसरे पत्र लिहिले. हे अकरा दिवस मी मुद्दाम नमूद करतो. त्या आवाजाचे प्रयोजन मला माहीत नव्हते, असे म्हणण्याची सोय मला उरलेली नाही. पत्रात मी लिहिले, 'सदर वर्गातील श्वसनजन्य ध्वनीमुळे रहिवाशांच्या विश्रांतीत गंभीर व्यत्यय येत असून तो तत्काळ प्रतिबंधित करण्यात यावा.' 'श्वसनजन्य ध्वनी' हा शब्दप्रयोग सुचला तेव्हा मला झालेला आनंद आठवतो. तो मी दोनदा मोठ्याने वाचून पाहिला होता.

समितीचे सचिव पेशाने दंतवैद्य. तोंडाने आवाज काढण्यास मनाई असल्याची सूचना त्यांनी दालनाच्या दारावर लावली आणि मनाई मोडल्यास दालन परत घेतले जाईल, असेही खाली जोडले. भाते त्यांना भेटायला गेले. सचिव म्हणाले, "अहो, श्वास घ्या की! फक्त गुपचूप घ्या. माझ्याकडे दाढ काढतानासुद्धा लोक एवढा आवाज करत नाहीत."

दालन गेले असते तर वर्ग गेला असता, आणि वर्गाखेरीज त्यांना कारखान्याचेच काम येत होते. त्यांनी मान तुकवली. गोळे हलके केले, फेऱ्या कमी केल्या आणि नाकाने हळू श्वास सोडायला शिकवू लागले. पाठ करून उभे राहणे त्यांना आता परवडेना. बावीस चेहऱ्यांकडे आळीपाळीने बघत ते रांगांमधून फिरत राहत. पण आवाज करायचा नाही म्हटल्यावर माणूस बहुधा श्वासच धरून ठेवतो. त्या आठ दिवसांत मी सकाळी सातपर्यंत झोपलो. उत्तम झोपलो.

नवव्या दिवशी संध्याकाळी कार्यालयातून आल्यावर चष्मा पुसत होतो. खालून एक धप्प असा आवाज आला. चटईवर पडलेल्या गोळ्याचा नव्हता. लगेच कोणीतरी ओरडले, "ताई!"

मी अनवाणी खाली धावलो. माझी बहीण आडवी पडली होती, चेहरा कागदासारखा, डावा हात अंगाखाली विचित्र मुडपलेला. गोळा मागे लोळत गेला होता. भाते तिच्या शेजारी जमिनीवर तिच्याइतकेच खाली झोपले होते, तोंड तिच्या तोंडासमोर आणून. "ताई, माझ्याकडे बघा. ओठ मिटू नका. फुंकर मारल्यासारखं सोडा. अजून. अजून थोडं. हां, आता आपोआप आत येईल, ओढू नका." ते आवाज करून श्वास सोडत होते आणि ती त्यांच्यामागून सोडत होती. शिंपीकाकांनी दारावरच्या सूचनेकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले. कदाचित ते नुसते दाराकडे बघत असतील.

मनगटाचे हाड मोडले होते. डोके थोडक्यात वाचले.

चार दिवसांनी समितीची बैठक दालनातच झाली. गोळे भिंतीशी रांगेत मांडलेले होते, दोन नापास गोळे टोकाला. सचिवांनी विचारले, "त्यांनी श्वास कोंडला होता, हे तुमच्या लक्षात आलं नाही?"

"नाही आलं," भाते म्हणाले.

"पूर्वी येत होतं म्हणतात."

"पूर्वी ऐकू येत होतं."

"म्हणजे दोष सूचनेचा, असं तुमचं म्हणणं आहे?"

भाते म्हणाले, "नाही साहेब. ऐकू येत नसताना मी ताईंच्या हातात गोळा द्यायलाच नको होता. शिकवणारा मी. चूक माझी."

मी दुसऱ्या रांगेत बसलो होतो. अपघातग्रस्त महिलेचा भाऊ म्हणून मला बोलण्याची संधी देण्यात आली. मी उभा राहिलो, घसा साफ केला आणि म्हणालो, "मला काही सांगायचे नाही." आयुष्यात प्रथमच एका बैठकीत माझ्याकडे तक्रार नव्हती. वर्ग बंद करण्याचा ठराव मंजूर झाला.

घरी आलो तेव्हा बहीण प्लास्टरचा हात उशीवर ठेवून बसली होती. काय झाले ते मी सांगितले. माझा वाटा गाळून.

"आणि तू काय बोललास?"

"काही नाही."

"श्वसनजन्य," ती म्हणाली.

मी तिच्याकडे पाहिले.

"दारावर पत्राची प्रत लावली होती रे. या इमारतीत 'श्वसनजन्य' लिहिणारा दुसरा कोण आहे? वरच्या मजल्यावरचा तो भोकं पाडणारा?"

"तुला पहिल्या दिवसापासून माहीत होतं? मग बोलली का नाहीस?"

"तू सांगशील म्हणून थांबले. मग पडले. मग वाटलं, आता तरी सांगेल." ती हसली नाही. "बाबांची तपकीर तू सांडलीस आणि मार मी खाल्ला, तेव्हाही अशीच थांबले होते. मोठा होशील म्हणून."

भाते ओतकारखान्यात परत गेल्याचे शिंपीकाकांकडून कळले. साचेघरात जागा नव्हती, घासणीत मिळाली. ओतून निघालेल्या तुकड्यांच्या कडा फिरत्या दगडावर घासायच्या. त्याच कामाची धूळ सर्वांत बारीक असते.

शनिवारी मी गेलो. घासणीत आठ यंत्रे एकदम चालू होती. नाकातोंडावर पट्टी बांधलेले भाते शेवटच्या यंत्रावर होते. मी रात्रभर घोटलेली वाक्ये म्हणायला सुरुवात केली. "मला आपली क्षमा मागावयाची आहे…"

त्यांनी कानाकडे बोट दाखवले.

मी पुन्हा म्हणालो. त्यांनी पट्टी खाली ओढली. "ऐकू येत नाही! मोठ्यानं बोला! गळ्यातून नको, पोटातून!"

"तिसरं पत्र मी लिहिलं!" मी ओरडलो. आजवर मी घरातही कधी ओरडलो नव्हतो. शेजारच्या दोघांनी यंत्रे थांबवली.

"पहिलं आणि दुसरंही तुमचंच," भाते म्हणाले. "शुद्धलेखन तिन्हींत तेच. पहिलं बरोबर होतं. चटयांमुळे लोकांचे गुडघे वाचले." त्यांना खोकला आला आणि तो बराच वेळ थांबला नाही. मी उभा राहून तो पाहिला. "ताईंचं मनगट कसं आहे?"

"बरं आहे. तुम्ही बैठकीत बोलला का नाहीत?"

"चूक माझीही होतीच की. मी माझी सांगितली." त्यांनी पट्टी वर केली. "तुमची मला सांगून काय उपयोग? मी काय समिती आहे?"

शेजारचा माणूस म्हणाला, "आता यंत्र सुरू करू का, की अजून कुणाला काही ओरडायचंय?"

सोमवारी मी समितीला चौथे पत्र दिले, सहीनिशी, आणि पुढच्या बैठकीत उभा राहून वाचले. त्या आवाजाचे कारण मला अकरा दिवस आधीपासून माहीत होते, हे वाक्यही वाचले. 'श्वसनजन्य ध्वनी' वाचताना मागून कोणीतरी हसले, आणि ते योग्यच होते. सचिवांनी सूचना मागे घेतली आणि ठराव रद्द केला. नंतर कागद चाळून ते म्हणाले, "पण दालन मधल्या काळात फर्निचर ठेवायला दिलंय. करार फेब्रुवारीअखेरपर्यंत आहे. तो काही मोडता येणार नाही."

म्हणजे सात महिने. त्यांतले तीन झाले.

बहिणीचे प्लास्टर निघाले आहे. ती सकाळी स्वयंपाकघरात पाण्याने भरलेला डबा झुलवते आणि 'त्स्स!' करते, मी दार लावत नाही. रविवारी भाते तिचे मनगट पाहायला येतात. वर्ग होता तेव्हा आमचा मजला ते न थांबता चढत. आता पहिल्या वळणावर त्यांची पावले थांबतात. मी दाराच्या आत उभा राहून ऐकतो. खोकला, मग लांब सोडलेला श्वास, मग पुन्हा खोकला. मागच्या महिन्यात ते एकदाच थांबत. काल दोनदा थांबले.

श्वास जागेवर येईपर्यंत मी दार उघडत नाही. त्यांना तसे कोणी पाहिलेले आवडणार नाही. कठड्यावरचा हात उचलल्याचा आवाज आला, की मी कडी काढतो आणि म्हणतो, "या." ते म्हणतात, "ताई आहेत ना?" आणि माझ्याजवळून आत जातात.