खिडकीखालचं मशीन

“हे खोकं आता कोणासाठी ठेवायचं? भंगारवाला खालीच उभा आहे, देऊन टाकतो.”

आमचे सर फोनवर कोणाला तरी सांगत होते. मी दाराशी चप्पल काढत होते. खोकं म्हणजे ऑफिसच्या खिडकीखालचा, आमच्याबरोबर काम करणाऱ्या नजीरभाईंचा जुना कॉम्प्युटर. त्यांचा चष्मा पुसायचा रुमाल अजून त्याच्यावरच होता...

तळोज्याहून परतताना त्यांच्या छातीत कळ आली आणि ते रस्त्यातच गेले. करंजाड्याला त्यांच्या घरी आम्ही सगळे गेलो तेव्हा भाभींनी मला विचारलं, “घरात तर गपच असायचे. तिकडे ऑफिसात बोलायचे काय गं?” मी नुसती मान हलवली. इंग्रजी शाळेत शिकले म्हणून शब्द सापडत नाहीत, असं मी सांगत असते. त्या दिवशी इंग्रजीतही सापडले नसते.

नवीन पनवेलच्या त्या छोट्या ऑफिसात आम्ही तळोज्याच्या एका केमिकल कारखान्यासाठी वायुगळतीचा इशारा देणारं सॉफ्टवेअर करत होतो. नजीरभाईंचे वडील तिकडेच दुसऱ्या एका कारखान्यात शिफ्टला जात, आणि गळतीतच गेले. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, डब्याचं झाकण लावता लावता, आणि हात धुवायला उठले.

ऑफिसात नवे कॉम्प्युटर आले आणि आमचा बिल्ड अडला. लिहिलेल्या कोडमधून चालणारा प्रोग्राम तयार करायचा, तो बिल्ड. नव्या मशीनवर तो सुरळीत होई आणि चालेही. तोच प्रोग्राम जुन्यावर मध्येच थांबे आणि ‘इल्लीगल इन्स्ट्रक्शन’ एवढीच ओळ येई. सगळे म्हणाले, मशीन म्हातारं झालं. नव्यावर तयार झालेला एकेक भाग नजीरभाई मात्र जुन्यावर चालवून बघत बसले. शेवटी एक लायब्ररी सापडली, प्रोग्रामला जोडलेला दुसऱ्यांचा कोड. नव्या मशीनवर तयार होताना तिने फक्त नव्या प्रोसेसरला कळणाऱ्या सूचना उचलल्या होत्या. जुन्याला त्या ठाऊकच नव्हत्या.

“मशीन बिघडलं नाय, बेटा. त्याला येत नाय ते आपण सांगितलं. मग तुझ्यासारखं गप झालं बिचारं.”

मी हसले.

“हसतेस काय? त्याने निदान एक ओळ तरी लिहिली!”

मग त्यांनी सेटिंग बदललं. बिल्ड जुन्यात जुन्या प्रोसेसरला कळेल असाच करायचा, आणि आधी या मशीनवर चालवायचा. कारखान्याच्या कंट्रोल रूममध्ये अगदी असंच मशीन होतं. “तिथे थांबलं तर स्क्रीन काळा... आणि खाली माणसं काम करतायत,” ते म्हणाले. तेव्हापासून बिल्ड चालू असताना ते मशीनच्या पत्र्याच्या कॅबिनेटवर हात ठेवून बसत, ताप बघावा तसा.

भंगारवाला वर आला आणि मागच्या वायरी काढू लागला. “नव्यांवर सगळं चालतंय ना?” सरांनी विचारलं. मी पुढे होऊन रुमालाशेजारी हात ठेवला. पत्रा गार होता.

“हे राहू दे, सर. तळोज्याला अजून हेच आहे.”